हेस्टिंग्जची व्हेरा आणि मुंबईची रोहिणी

आपल्याकडे बुद्धिबळाच्या पटावर राजाशेजारी वजीर उभा असतो. युरोपात त्याच घरात राणी असते आणि पटावरील सर्वांत बलाढ्य मोहरे तेच. असे असूनही पटाशी पुरुषांसमोर स्त्रीने खेळावयास बसावे, हे त्या युरोपालाही फार काळ मानवले नव्हते. हा हक्क कसा मिळत गेला, याची कथा एका हंगेरियन गुरूपासून सुरू होते आणि मुंबईतील एका मराठी घरात येऊन पोहोचते.

गेझा मारोत्सी यांचा जन्म १८७० साली हंगेरीतील सेगेड येथे झाला. पहिल्या महायुद्धापूर्वीच त्यांची गणना जगातील अग्रगण्य खेळाडूंत होत असे. युद्धानंतर मायदेश सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. पण खेळाचे तेज उणावले नाही. १९२३ साली कार्ल्सबादच्या स्पर्धेत, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी अलेखाइन आणि बोगोल्युबोव यांच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळविला. याच काळात इंग्लंडमधील हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी त्यांचे वास्तव्य होते, आणि तेथे त्यांना एक शिष्या लाभली.

तिचे नाव व्हेरा मेन्चिक. मॉस्कोत जन्मलेली, चेक पित्याची आणि इंग्रज मातेची ही मुलगी १९२१ साली हेस्टिंग्जला आली. १९२७ साली लंडनमध्ये स्त्रियांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती तिने जिंकली आणि १९४४ साली लंडनवरील बाँबहल्ल्यात मृत्यू येईपर्यंत ते पद कोणाला हिरावून घेऊ दिले नाही. परंतु तिचे खरे मोठेपण याहून निराळे आहे. ती पुरुषांच्या स्पर्धांत खेळली. १९२९ साली रॅम्सगेट येथे ती कापाब्लांकाच्या मागोमाग, रुबिन्स्टाइनच्या बरोबरीने दुसरी आली. त्याच स्पर्धेत तिचे गुरू मारोत्सी तिच्याहून मागे राहिले! शिष्याकडून झालेला पराभव गुरूने भूषण मानावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण येथे आठवल्यावाचून राहत नाही.

त्याच वर्षी कार्ल्सबादला बावीस खेळाडूंची स्पर्धा भरली. व्हेराकडून हरणाऱ्यांचा एक ‘व्हेरा मेन्चिक क्लब’ काढावा, अशी थट्टा व्हिएन्नाच्या बेकर यांनी केली आणि त्या क्लबाचे पहिले सभासदत्व त्यांच्याच वाट्याला आले. मात्र हा किस्सा सांगताना लोक एक गोष्ट विसरतात. त्या स्पर्धेत व्हेराला एकवीस डावांत अवघे तीन गुण मिळाले आणि ती शेवटची आली. तरी ती पुन्हा पुरुषांत खेळावयास बसली. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ आणि १९३१-३२ च्या स्पर्धांत तिने मॅक्स यूव्हे यांना दोनदा हरविले. भारतातून गेलेल्या सुलतान खान यांनाही तिच्यापुढे हार पत्करावी लागली.

यूव्हे हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पेशाने ते गणिताचे शिक्षक; ॲम्स्टरडॅमच्या मुलींच्या शाळेत शिकवीत. १९३५ साली अलेखाइनला नमवून ते जगज्जेते झाले आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष.

आता मुंबईकडे वळू. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर हे नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नातू. त्यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुली बुद्धिबळात चमकल्या. १९७४ साली स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली. पुढे जयश्रीने आणि मग १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, रोहिणीने ते पद मिळविले. त्याच वर्षी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि मोठे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर महासंघाचे अध्यक्ष या नात्याने यूव्हे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दारे बंद करता येणार नाहीत. स्त्रीच्या हातचा पराभव ज्यांनी दोनदा चाखला होता, त्यांच्याच लेखणीतून हा न्याय यावा, हा केवढा सुंदर योग! रोहिणीने पुढे १९८१ साली हैदराबादला एकही डाव न गमावता, बारांपैकी साडेअकरा गुण मिळवून आशियाई अजिंक्यपद पटकाविले.

काही वर्षांपूर्वी माझ्या शाळेतील एका विद्यार्थिनीस मी येथल्याच एका आंतरशालेय स्पर्धेस नेले होते. मुलींचा गट पुरेसा भरला नव्हता. तिला मुलांत खेळू द्यावे, अशी विनंती मी केली. “उगीच हरेल बिचारी,” असे उत्तर मिळाले. मी वाद घातला नाही. परतताना राजवाडा येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही, आणि पुढच्या वर्षी तिने नाव दिले नाही. ती हरली असती, हे कदाचित खरेही असेल. पण व्हेरा कार्ल्सबादला अठरा गुणांना मुकली, तेव्हा कोठे हेस्टिंग्जचे विजय तिच्या हाती आले. मुलींना आपण जिंकण्याचा हक्क आनंदाने देतो; हरण्याचा हक्क मात्र दयेच्या नावाखाली काढून घेतो. ही चूक माझ्या हातून झाली, ती येथे कबूल करतो.

२०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे स्त्रियांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. आपल्या घरांतून तिचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. त्या कौतुकाबरोबर घरातील पट एकदा खाली काढावा आणि मुलगा व मुलगी यांना समोरासमोर बसवावे. कोण हरते याची चिंता वडीलधाऱ्यांनी करू नये.