पैसे फोनवरून, पण बैठक समोरासमोर

आजकाल बऱ्याच जणी विचारतात, "ताई, बचतीचे पैसे फोनवरून टाकले, आता बैठकीला कशाला यायचं?" प्रश्न रास्त आहे. पानपिंपरीच्या वावरातून दमून आल्यावर पुन्हा तासभर बसायचं जिवावर येतं.

पण आपल्या गटाची पंचसूत्री आठवा: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नीट लिहिलेला हिशोब. यात बैठक पहिली आहे, ती उगाच नाही. गटातल्या कर्जाला सोनं लागत नाही, सातबारा लागत नाही. २० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकही गटाकडे तारण मागत नाही. एकमेकींची ओळख हेच आपलं तारण, आणि ती ओळख सोबत बसल्यानेच टिकते.

फोनवर "हप्ता पुढच्या महिन्यात देते" एवढंच वाचायला मिळतं. समोर बसलं की तिचा उतरलेला चेहरा दिसतो. शेजारची हळूच विचारते, आणि घरात आजारपण असल्याचं कळतं. मग गट मुदत वाढवून देतो, दवाखान्यासाठी कर्ज देतो. कोणी विचारलंच नाही, तर तीच बाई गुपचूप सावकाराकडे जाते, नाहीतर मोबाईलवरच्या झटपट कर्जात अडकते.

म्हणून पैसे खुशाल फोनवरून पाठवा, पण बैठकीला स्वतः या. गोल करून बसा, म्हणजे प्रत्येकीला प्रत्येकीचा चेहरा दिसेल. आणि एखादी लागोपाठ दोनदा आली नाही, तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या.