परदेशी खर्चाचं कार्ड : दर घरीच ठरवून निघा

उन्हाळा लागला की मानोऱ्यातल्या कृषी सेवा केंद्रांत एक वेगळीच चर्चा रंगते. हंगामात ठरल्याइतकं बियाणं किंवा खत खपवणाऱ्या विक्रेत्याला कंपनी बँकॉक-पट्टायाला नेणार असते. कुणाचं नाव लागलं, कुणाचं थोडक्यात हुकलं, यावर चहा होतात. त्याच सुमारास कुणी उमऱ्याला निघालेलं असतं, कुणाचा मुलगा जर्मनीत शिकायला जायचा असतो, कुणा आईवडिलांना सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिका गाठायची असते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सगळं झालं की शेवटच्या आठवड्यात प्रश्न पडतो : खर्चाचे पैसे न्यायचे कसे? मी बँकेतून निवृत्त झालो, पण हा प्रश्न अजून माझ्या ओट्यावर येतो आणि मी तो आवडीने सोडवत बसतो. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. प्रवासी फी विचारतो, दर विचारत नाही. आणि पैसा जातो तो दरातच.

आधी कार्डाबद्दल थोडं. प्रीपेड फॉरेक्स कार्ड म्हणजे निघण्याआधी रुपये मोजून विकत घेतलेलं परकीय चलन, जे कार्डात भरून ठेवलेलं असतं. डॉलर, युरो, पौंड, दिरहम, रियाल, बाट अशी वेगवेगळी चलनं एकाच कार्डात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येतात. ज्या दिवशी भरलं त्या दिवशीचा दर कायम झाला. मग तुम्ही तिकडे असताना रुपया कितीही घसरो. बँक खात्याशी त्याचा संबंध नसतो, त्यामुळे कार्ड चोरीला गेलं तरी चोराच्या हाती खाते लागत नाही.

नियमांचं झटपट सांगून टाकतो. परकीय चलनाचा आजचा कायदा फेमा १ जून २००० पासून लागू झाला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना आणली, तेव्हा मर्यादा २५,००० डॉलर होती. आज ती माणशी, आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. सर्वसाधारण देशांसाठी एका खेपेला ३,००० डॉलरपर्यंतच्याच नोटा हातात नेता येतात, बाकीचे कार्डात. पॅन लागतो. पन्नास हजारांवरचे रुपये रोखीने स्वीकारत नाहीत, ते खात्यातूनच द्यावे लागतात. चलनबदलावर जीएसटी आहे, पण तो मामुली : एक लाखाच्या चलनाला १८० रुपये. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपलीकडच्या प्रवासखर्चावर २० टक्के टीसीएस कापतात, तो विवरणपत्रात परत मागता येतो. परत आल्यावर उरलेलं चलन १८० दिवसांत मोडायचं; २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवलं तर चालतं. नियम एवढे पुरेत.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे. आगाऊ पैसे भरून परमुलखात खर्चायची सोय काही हल्लीची नाही, आणि आमच्या भागाला तर ती मुळीच नवी नाही. मानोऱ्याचा शेजार म्हणजे लाडाचं कारंजं. सतराव्या शतकात वऱ्हाडातली ती इतकी धनाढ्य पेठ होती की १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली. अशा पेठांमधला व्यापार नाण्यांच्या थैल्यांवर कमी आणि हुंडीवर जास्त चाले. इथल्या सावकाराकडे रक्कम भरायची, कागद घ्यायचा आणि दूरच्या पेठेत त्याच्या आडत्याकडून पैसे उचलायचे. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदतीची हुंडी ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीचे पैसे पेठेतल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याखेरीज कुणाच्या हातात पडत नसत, त्यामुळे वाटेत चोराने कागद पळवला तरी त्याला तो निरुपयोगी. हुंडी हरवलीच तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही गेली तर परपेठ. आज चांगल्या कार्डासोबत पाकिटात दुसरं, राखीव कार्ड मिळतं, तेव्हा मला ही पेठ-परपेठच आठवते. म्हणून माझा आग्रह असतो, की राखीव कार्ड न देणाऱ्याकडून कार्ड घेऊ नका, आणि दोन्ही कार्डं एका पिशवीत कधीही ठेवू नका.

विलायतेत हीच गरज थॉमस कुकने १८७४ साली परिपत्रक नोटा काढून भागवली, आणि १८९१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने ट्रॅव्हलर्स चेक आणला. एक सही विकत घेताना, दुसरी वटवताना. दोन्ही जुळल्या तरच पैसे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात परदेशी निघालेला माणूस बँकेच्या टेबलावर चेकबुक उघडून एकामागून एक सह्या करत बसलेला असे. ती शांतपणे चाललेली तयारी मला फार आवडायची.

पण माझं खरं वेड आहे ते हज नोटांचं. मुंबईत फोर्टमध्ये सर फिरोजशाह मेहता रस्त्यावर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मुंबईला गेलो की मी तिथे चक्कर टाकतो आणि सोबत आलेल्यांना कंटाळा येईपर्यंत ही गोष्ट सांगतो.

१९५० च्या दशकात भारतीय रुपया कुवेत, बहारीन, कतार, दुबईच्या बाजारात चालायचा. तिथे रुपये देऊन सोनं घ्यायचं, ते चोरून मुंबईला आणायचं, आणि आखातात साठलेले रुपये तिथल्या बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे पाठवून त्या बदल्यात पौंड मागायचे, असं चक्र सुरू झालं. परकीय गंगाजळी आधीच आटलेली. यावर उपाय म्हणून १९५९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि आखातापुरत्या वेगळ्या नोटा निघाल्या. रचना आपल्याच नोटांसारखी, रंग मात्र वेगळे : शंभराची नोट हिरवी, दहाची लाल. क्रमांकाआधी इंग्रजी झेड. हजला जाणाऱ्यांसाठी दहा आणि शंभराच्या आणखी वेगळ्या नोटा काढल्या, त्यांच्या क्रमांकाआधी एच आणि ए ही अक्षरं. मुंबईहून जहाजाने निघालेल्या यात्रेकरूने या नोटा न्यायच्या आणि तिकडे रियाल करून घ्यायचे. १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहारीनने स्वतःचा दिनार काढला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हा उरलेल्या अमिरातींनीही या रुपयाची साथ सोडली. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला.

या नोटांमागचा विचार पाहा : विशिष्ट कामासाठी, विशिष्ट मुलखापुरता पैसा. आजचं फॉरेक्स कार्ड त्याच विचारावर उभं आहे. ते भारतात चालत नाही, नेपाळ-भूतानमध्येही चालत नाही. आपल्याकडून पशुपतिनाथाला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिकडच्या प्रवासासाठी परकीय चलन मिळतच नाही. हजचं म्हणाल तर कित्येक वर्षं हज समिती यात्रेकरूकडून आधीच पैसे घेऊन निघताना त्याच्या हातात २,१०० रियाल ठेवायची. २०२३ च्या धोरणात ती सक्ती गेली, ज्याने त्याने आपल्या गरजेइतके रियाल घ्यावेत असं ठरलं आणि स्टेट बँकेने यात्रेकरूंसाठी कार्डाचीही सोय ठेवली. एच-ए नोटेपासून या कार्डापर्यंतची वाट मला एखाद्या कादंबरीइतकी मोहवते.

तर आता कार्ड निवडायचं कसं? पहिला प्रश्न एकच विचारा : “सगळं धरून मला एक डॉलर केवढ्याला पडेल?” समजा बाजारात डॉलर ९० रुपये आहे. दुकान तुम्हाला ९१.५० ला विकतं आणि उरलेला परत घेताना ८८ देतं. पाचशे डॉलर भरले, की साडेसातशे रुपये दरातच गेले. कार्डाची फी माफ म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही. त्यातले शंभर डॉलर न खर्चता परत आणले तर भरताना आणि मोडताना मिळून साडेतीनशे रुपये गेले. म्हणून विक्रीचा दर विचारला की खरेदीचाही विचारायचाच. बाजारभाव कळायला एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे संदर्भ दर जाहीर करते. तो दर मोबाइलवर उघडून दुकानदारासमोर बसा, घासाघीस करा. भाव कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न चलनाचा. जिथे जायचं तिथलंच चलन भरा. दिरहम गेली कित्येक वर्षं डॉलरला ३.६७२५ आणि रियाल ३.७५ या दराला बांधलेला आहे, त्यामुळे लोकांना वाटतं डॉलर भरले काय आणि रियाल भरले काय, सारखंच. तसं नाही. कप्प्यात डॉलर आणि दुकानात रियाल असं झालं, की बहुतेक कार्डं चलनबदलाचे दोन-तीन टक्के कापतात. जिथल्या चलनाचा कप्पाच नाही, अशा देशासाठी डॉलर भरण्यावाचून इलाज नसतो.

तिसरा प्रश्न एटीएमचा. कार्डाची बँक दर खेपेला साधारण दोन डॉलर घेते, शिवाय तिकडच्या मशीनचे वेगळे. थायलंडमध्ये परक्या कार्डावर मशीन दोनशे-अडीचशे बाट कापतं. रोज थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच मोठी रक्कम काढलेली परवडते. हॉटेलात अनामत म्हणून हे कार्ड देऊ नये. अडकवलेली रक्कम सुटायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत.

साध्या बँक कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे शेकडा चार रुपयांच्या वर. हा मार्कअप न घेणारी कार्डंही आता निघाली आहेत. चार-आठ दिवसांच्या सहलीला ती फॉरेक्स कार्डापेक्षा स्वस्त पडू शकतात, हे मी मान्य करतो. पण लांबच्या मुक्कामाला, शिकायला निघालेल्या पोराला आणि वयस्क आईवडिलांना मी प्रीपेडच सुचवतो, कारण खर्चाची हद्द आधीच आखलेली असते आणि घरून त्यात भर टाकता येते. पोहरादेवीच्या यात्रेत नारळ-प्रसादाच्या दुकानांत क्यूआर कोड लटकलेले असतात, तसे आता परदेशातही दिसतात : भूतानमध्ये २०२१ पासून, पॅरिसच्या आयफेल टॉवरला आणि श्रीलंका-मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय सुरू झालं. मात्र अजून त्याच्याच भरवशावर निघू नये.

आणि आता ज्या एका बटणासाठी मी हा लेख लिहायला बसलो, ते बटण. आमच्या तालुक्यातला एक बियाणे विक्रेता बँकॉकहून आल्यावर बिलाची चिठ्ठी घेऊन आला. म्हणाला, “काका, मशीननं इचारलं, रुपये का बाट? म्या म्हटलं, आपले रुपयेच बरे, समजते तरी किती गेले ते.” मी चिठ्ठी चष्म्याजवळ धरली. वर रुपये ठळक छापलेले. अगदी तळाशी बारीक अक्षरात मार्कअपचा टक्का.

घडतं ते असं. मशीन कार्डाचा क्रमांक वाचून ओळखतं, की हे भारतातलं कार्ड आहे. मग रुपयांत बिल करायची सवलत असल्यासारखं विचारतं. दर त्या दुकानाच्या बाजूचा, त्यात त्यांचा नफा. हिशेबासाठी एक बाट अडीच रुपये धरू. बिल ४,००० बाटांचं, म्हणजे १०,००० रुपयांचं. रुपयांत करताना त्यांनी पाच टक्के लावले, झाले १०,५००. आता तुमच्या कार्डात तर बाट भरलेले आहेत, रुपयांचा कप्पाच नाही! मग कार्डाची बँक या रुपयांचे पुन्हा बाट करते आणि चलनबदलाचे तीन टक्के लावते. झाले १०,८१५ रुपये, म्हणजे ४,३२६ बाट. घरून बाट विकत घेऊन गेलेल्या माणसाने बाटांचंच बिल चुकवताना ३२६ बाट जास्त मोजले. फी कुठेच लिहिलेली नव्हती. दोन वेळा दर लागला, बस.

कार्ड कंपन्यांच्या नियमांप्रमाणे हा पर्याय ग्राहकाला विचारूनच द्यावा लागतो. म्हणून दुकानदाराने परस्पर रुपयांचं बटण दाबलं, तर सही न करता किंवा पिन न टाकता व्यवहार रद्द करायला सांगा आणि तिथल्या चलनात पुन्हा करायला लावा. एटीएमही हेच विचारतं. तिथे रुपयांतला दर नाकारला तर पैसे मिळणार नाहीत असं वाटून लोक घाबरतात. मिळतात, व्यवहार आपल्या कार्डाच्या बँकेच्या हिशेबाने पूर्ण होतो.

हे समजायला इंग्रजी किंवा अर्थशास्त्र लागत नाही. बाजार समितीत सोयाबीन विकताना भाव, ओलाव्याची कपात, हमाली आणि हातात येणारी रक्कम वेगवेगळी विचारणारा आपला शेतकरी हा हिशेब सहज करतो. अडचण अशी, की त्याला सगळा हिशेब एका जागी, मराठीत कुणी दाखवत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की चलन विकणाऱ्या प्रत्येक बँकेने आणि दुकानाने विक्रीचा दर, परतीचा दर आणि दुसऱ्या चलनात वापरल्यास लागणारी कपात, या तीन गोष्टी मराठीत पाटीवर लिहाव्यात. अकोला, अमरावती, नागपूरपर्यंत चलनासाठी जाणाऱ्या आपल्या माणसांनी हे तीन आकडे मागून घ्यावेत, कागदावर लिहून घ्यावेत आणि न देणाऱ्याकडून उठून दुसऱ्याकडे जावं. घरातलं कुणी परदेशी निघालं असेल तर त्याला शिदोरीबरोबर एवढं बजावून पाठवा : मशीनने रुपये विचारले, की नाही म्हणायचं.