पाळीच्या गोळ्या आणि एका पायाची सूज

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली आणि एक ताई हळूच जवळ आल्या. म्हणाल्या, "मुलीला पीसीओएस सांगितलंय. पाळी वेळेवर यावी म्हणून गोळ्या चालू आहेत. शेजारीण म्हणते रक्ताच्या गाठी होतात. बंद करू का?" मी समाजकार्य शिकलेय, डॉक्टर नाही. म्हणून आरोग्य केंद्रातल्या मॅडमना विचारून आले.

पीसीओएसमध्ये हार्मोन बिघडतात. पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर केस येतात, बऱ्याच जणींचं वजन वाढतं. अशा बायकांना शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. त्यात पाळी नियमित करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, त्यानं रक्त लवकर गोठतं. आपली माला-एन त्याच जातीची.

पण आकडा बघा. गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते, घेणाऱ्यांत गोळीप्रमाणे ५ ते १२ जणींना. बाळंतपणानंतरचा धोका याहून कितीतरी मोठा, त्याबद्दल मात्र शेजारीण काही बोलत नाही! गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने जास्त जपायचे.

मला खरी काळजी वाटते ती न विचारता घेतलेल्या गोळीची. घरात पूजा आहे, लग्न आहे, की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी आणली. पीसीओएस असेल, आधीची गोळी चालू असेल, तर असं करू नका.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर तेल लावून चोळू नका बरं का. चोळल्यानं गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि गोळीचं पाकीट दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखलं, थुंकीतून रक्त आलं तर थेट १०८.

त्या ताई मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. तिथे निघालं की मुलीच्या मावशीला बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली होती. आधी कुणी विचारलं नाही, म्हणून यांनी सांगितलं नाही. डॉक्टरांनी ती गोळी थांबवून दुसरा उपचार दिला.

पुढच्या बैठकीला आशाताई येणार आहेत. घरात ज्या गोळ्या असतील त्यांची पाकिटं घेऊन या, रिकामी असली तरी चालतील.