हवाई रुग्णवाहिका : नियम आणि निकड

अंधेरीतील आपल्या रुग्णालयापासून जुहू विमानतळ फार दूर नाही. 1928 साली सुरू झालेल्या या विमानतळावरून आज प्रामुख्याने हेलिकॉप्टरे उडतात. साहजिकच काही देणगीदारांनी विचारणा केली, की जव्हार-मोखाड्याकडील अत्यवस्थ रुग्णांसाठी आपण हेलिकॉप्टर रुग्णवाहिका का सुरू करू नये?

या सूचनेमागील कळकळ आम्ही जाणतो. त्या भागातून मुंबईस येण्यास रस्त्याने तीन-चार तास लागतात. हेलिकॉप्टरला तासभरही पुरतो. रक्तस्राव होत असलेल्या मातेसाठी हा फरक जीवनमरणाचा ठरतो.

तथापि, अशी उड्डाणे मुख्यत्वे दिवसाउजेडी व हवा स्वच्छ असतानाच करता येतात. डोंगरातील रस्ते खचतात ते पावसाळ्यात, आणि ढग खाली उतरतात तेही तेव्हाच. निकड जितकी मोठी, तितके उड्डाण अवघड, अशी ही अडचण आहे.

मग नियम शिथिल करावेत काय? अमेरिकेत 2008 या एका वर्षात हवाई रुग्णसेवेच्या अपघातांत 29 जणांचा बळी गेला. त्यानंतर तेथे 2014 साली नियम अधिक कडक करण्यात आले. रुग्णाची अवस्था वैमानिकास सांगू नये, अशी प्रथाही अनेक ठिकाणी पाळली जाते. उड्डाणाचा निर्णय हवामान पाहून व्हावा, दयेपोटी होऊ नये, हा तिचा हेतू. आपल्या देशात ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर सेवा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. मे 2025 मध्ये रुग्णास आणावयास गेलेले तिचे हेलिकॉप्टर केदारनाथ येथे उतरताना मोडले. सुदैवाने त्यातील सर्वजण बचावले.

मात्र दुर्गम तालुक्यात शहरासारख्या सोयींचा आग्रह धरला, तर तेथे सेवा कधीच पोहोचणार नाही. आमच्या मते उड्डाणाचे नियम कडकच असावेत. सवलतीऐवजी जमिनीवरील पूर्वतयारी वाढवावी. प्रत्येक तालुक्यात विजेच्या तारांपासून मुक्त असे मैदान आधीच हेरून ठेवावे, तेथे वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी असावी, गर्दी आवरणारी प्रशिक्षित माणसे असावीत. रुग्णालाच आणावे लागते असेही नाही. 2024 च्या पावसाळ्यात पुराने वेढलेल्या भामरागडला पोलिसांच्या हेलिकॉप्टरने रक्त पोहोचविण्यात आले व एका मातेला वेळेवर उपचार मिळाले.

हिशेबाची बाजूही मांडणे आमचे कर्तव्य आहे. हेलिकॉप्टर उडो वा न उडो. वैमानिक, देखभाल व विमा यांचा खर्च थांबत नाही. एका न्यासाच्या आवाक्यातील हे काम नव्हे. ते शासनानेच हाती घ्यावे. महाराष्ट्रात 2014 पासून 937 वाहनांनिशी सुरू झालेली 108 क्रमांकाची सेवा हा त्याचा पाया ठरू शकेल.

ज्या रात्री हेलिकॉप्टर उडू शकत नाही, त्या रात्री रुग्णाचा जीव तालुक्याच्या ठिकाणचा प्राणवायू, रक्तसाठा आणि प्रशिक्षित परिचारिका यांवरच अवलंबून असतो. आपल्या देणगीचा विनियोग प्रथम तेथे व्हावा, अशी आमची नम्र भूमिका आहे.