तहान लागण्याची वाट कशाला? पाणी पिणे आवडीचे कसे होईल

मे महिन्यात जळगावच्या मेहरूण तलावाकाठी फिरणारे लोक ऊन चढायच्या आत घरी परततात. दुपारी पारा 44-45 अंशांवर जातो. खानदेशातली हवा या दिवसांत इतकी कोरडी असते की घाम आला तसा वाळतो आणि अंगातले किती पाणी गेले ते कळतच नाही. ‘पाणी जास्त प्या’ हा सल्ला मग घरोघरी दिला जातो, पण दोन दिवसांत विसरलाही जातो. औषधासारखे प्यायलेले पाणी फार दिवस चालत नाही. ते आवडीने प्यायले, तरच सवय टिकते.

किती पाणी लागते?

‘दिवसाला आठ ग्लास’ हा काही पक्का नियम नाही. अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने 1945 मध्ये प्रौढांसाठी रोज सुमारे अडीच लिटर पाणी सुचवले होते. त्यातले बरेचसे अन्नातूनच मिळते, असेही त्यात म्हटले होते. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये अन्नातले पाणी धरून महिलांसाठी 2 आणि पुरुषांसाठी 2.5 लिटर हे प्रमाण दिले, तेही बेताच्या हवामानासाठी. केळीच्या बागेत किंवा बांधकामावर उन्हात राबणाऱ्याला याहून बरेच जास्त लागते. सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. ती फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद असेल तर कमी पडते आहे.

तहानेवर विसंबून का चालत नाही?

शरीरातले पाणी थोडे कमी झाल्यावरच तहान लागते. कामाच्या नादात तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि वय वाढते तशी तहानेची जाणीवही मंदावते. म्हणून घरातल्या आजी-आजोबांना मागायची वाट न पाहता पाणी द्यावे. पाणी सतत कमी पडले तर लघवी दाट होऊन मुतखड्याचा धोका वाढतो. कडक उन्हात उष्माघाताचीही भीती असते.

माठाचे पाणी गोड का लागते?

माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते आणि बाहेर त्याची वाफ होते. त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून ते गार होते. हवा जितकी कोरडी, तितके हे काम जोरात चालते. खानदेशच्या उन्हाळ्यात माठ चांगला गारवा देतो, पावसाळ्यात तेवढा देत नाही. घाम गाळून आलेली माणसे साधारण 15 अंशांचे, म्हणजे गार पण दात न ठणकवणारे पाणी सर्वाधिक पितात, असे प्रयोगांत दिसले आहे. माठात वाळ्याची स्वच्छ धुतलेली जुडी सोडली की सुगंधही येतो. माठ वरचेवर घासावा आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे.

चव कशी बदलावी?

लिंबाची फोड, पुदिन्याची पाने किंवा भिजवलेला सब्जा टाकला तरी पाण्याला रुची येते. पातळ ताक आणि कैरीचे पन्हेही चालते, फक्त साखर-मीठ बेताचे हवे. काकडी आणि कलिंगडात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते. हिवाळ्यात तहान कमी लागते, तेव्हा मेहरूणची रसाळ बोरेही थोडी भर घालतात. बाटलीबंद गोड पेये मात्र रोजची नकोत. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कोणीही थोड्या वेळात लिटरमागून लिटर पाणी पिऊ नये, कारण त्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

सवय कशी लागते?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 96 जणांच्या सवयींचा अभ्यास केला आणि तो 2010 मध्ये छापून आला. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी एखादी गोष्ट रोज ठरलेल्या वेळी करायची होती. ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. एखादा दिवस चुकल्याने बिघडले नाही.

म्हणून ग्लास मोजत बसण्यापेक्षा पाणी रोजच्या कामांना जोडावे. उठल्यावर एक पेला, तलावावरून परतल्यावर माठातला एक, चहाच्या आधी एक, शेतात किंवा दुकानात निघताना भरलेली बाटली. दोन-अडीच महिन्यांत आठवण करून द्यावी लागत नाही. हात आपोआप माठाकडे जातो.