मोजमापाची वही

1973 सालच्या मे महिन्यात, विद्यापीठाच्या परीक्षा आटोपून घरी जाण्याची बांधाबांध चालली असताना, आमच्या महाविद्यालयाच्या फलकावर राष्ट्रीय सेवा योजनेच्या दुष्काळी शिबिराची सूचना लागली. ती वाचून ज्यांनी आपली नावे दिली त्यांत मी होतो. त्या वेळी या गोष्टीचे मला फारसे महत्त्व वाटले नव्हते. अर्थशास्त्र हा माझा विषय; दारिद्र्याच्या व्याख्या, मजुरीचे सिद्धान्त आणि पंचवार्षिक योजनांचे आकडे मला मुखोद्गत होते; आणि ज्याच्याविषयी इतके वाचले ते एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच माझी जिज्ञासा होती.

ही योजना तेव्हा पुरती चार वर्षांचीही झाली नव्हती. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतील सुमारे 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन तिचा आरंभ झाला, तरी तिच्यामागचा विचार पुष्कळ जुना होता. 1959 साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने तर, माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा केलीच पाहिजे, अशी सक्तीची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही आणि पुढे स्वेच्छेचे तत्त्व मान्य झाले. देशमुखांविषयी मला नितांत आदर आहे. पण या एका बाबतीत झाले ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. ज्या अनुभवाविषयी मी लिहितो आहे तो हुकुमाने आलेल्या मुलाला मिळाला असता, असे मला वाटत नाही.

शिबिर नगर जिल्ह्यातल्या एका अवर्षणप्रवण तालुक्यात होते. गावाचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. पाऊस आधीच्या दोन वर्षीही बेताचाच होता, आणि 1972 साली तर तो जवळजवळ फिरकलाच नाही. विहिरींचे तळ उघडे पडले होते, जनावरे मिळेल त्या किमतीला विकली गेली होती, आणि कुणबी, माळी, महार, मांग, रामोशी अशा साऱ्या जातींची माणसे, जी एरवी एका पाणवठ्यावर आली नसती, ती पाझर तलावाच्या एकाच बांधावर माती टाकीत होती. त्या मे महिन्यात महाराष्ट्रभर सुमारे 50 लाख माणसे अशा सरकारी कामांवर होती. हा आकडा मी नंतर वाचला. प्रत्यक्षात मला दिसल्या त्या भल्या पहाटे डोंगराच्या कडेने निघालेल्या बायकांच्या रांगा, डोईवर पालथी पाटी आणि कडेवर मूल.

आरंभीचे दोन दिवस आम्ही कुदळी चालवल्या. आमचे तळहात सोलवटून निघाले आणि काम मात्र नाममात्र झाले, हे पाहून तिथल्या ओव्हरसियरने आम्हांपैकी चौघांना मोजमापाला लावले, कारण मजूर शेकड्यांनी होते आणि लिहिता येणारे हात थोडे होते. कामाची रीत अशी, की बांधाला लागणारी माती जवळच्याच आखून दिलेल्या चौकोनी खड्ड्यांतून काढायची आणि प्रत्येक टोळीने आपापल्या खड्ड्यात मध्यावर न खोदलेल्या मातीचा एक खुंट उभा ठेवायचा. त्याच्या माथ्यावरून मूळ जमीन कोठवर होती ते कळे आणि पायथ्याशी टेप लावला की खोली निघे. लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार वहीत चढायचा आणि त्यावरून मजुरी ठरायची. मोजून झाले की खुंट पाडला जाई. एकदा तो पडला की वहीतल्या आकड्यावाचून त्या श्रमाचा दुसरा पुरावा पृथ्वीच्या पाठीवर राहत नसे.

पहिल्या दिवशी मी 26 खड्डे मोजले. वरचे सेंटिमीटर सोडून दिले तर बेरीज सोपी जाते, असे मुकादमाने सुचवले होते, आणि त्यात काही वावगे आहे हे माझ्या ध्यानातही आले नाही. संध्याकाळी वही मिटून निघालो तेव्हा एका खड्ड्याच्या काठावर साठीच्या घरातली एक बाई उभी होती. तिने विचारले, ‘‘मास्तर, आमचं किती लिवलं?’’

मी म्हणालो, ‘‘तीस सेंटिमीटर, आजी.’’

तिला सेंटिमीटर कळत नव्हते. तिने पदराची गाठ सोडली. आत खडे होते. सुनेने आणि तिने मिळून टाकलेल्या दर वीस पाट्यांमागे एक खडा, असा तिचा हिशोब. तिने ते खडे माझ्यापुढे मोजले, आदल्या दिवसाशी ताडून दाखवले, आणि आवाज जराही न चढवता म्हणाली, ‘‘खुंट अजून पाडला न्हाई. पुन्यांदा टेप लावा.’’

मी टेप लावला. खोली 37 सेंटिमीटर भरली. खड्डा तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, म्हणजे 3.33 घनमीटर मातीच्या जागी मी 2.70 लिहिली होती. जवळजवळ पाचवा हिस्सा मी केवळ गुणाकाराच्या सोयीसाठी कापून टाकला होता, आणि तोही दिवसभर उन्हात वाकलेल्या दोन बायकांच्या भाकरीतून. कुणाचे वाईट करावे असा हेतू माझ्या मनात लवमात्र नव्हता, आणि तरीही वाईट झालेच होते. अन्यायाला दुष्ट माणूस लागतोच असे नाही, सुशिक्षित हातांचा थोडासा आळस त्याला पुरतो, ही गोष्ट मजुरीच्या कोणत्याही सिद्धान्तात मी वाचली नव्हती.

वही घेऊन मी आमच्या प्राध्यापकांकडे गेलो. ते शिबिराचे प्रमुख होते. मी ब्लेडने चुकीचा आकडा खरवडू लागलो, तसा त्यांनी माझा हात धरला. ते म्हणाले, ‘‘खरवडू नका. आकड्यावर एकच आडवी रेघ मारा, वर खरा आकडा लिहा आणि शेजारी सही करा. काय चुकले होते तेही पुढच्याला वाचता आले पाहिजे.’’ ते रागावले नाहीत आणि त्यांनी उपदेशही केला नाही. कंदील घेऊन ते माझ्याबरोबर परत निघाले, आणि ज्यांचे खुंट अद्याप उभे होते असे सर्व खड्डे आम्ही रात्री नऊपर्यंत पुन्हा मोजले. त्या पानावर 19 रेघा आणि 19 सह्या पडल्या. चार खड्ड्यांचे खुंट दुपारीच पाडले गेले होते. त्यांचे खरे माप कोणालाच कधी कळणार नाही, आणि त्या चार टोळ्यांचे मी जे देणे लागतो ते माझ्याकडून कधी फिटलेले नाही.

पुढे पदवी मिळाली, लेखापरीक्षण खात्यात नोकरी लागली आणि तिथे तीस-बत्तीस वर्षे गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा 1977 साली संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला, आणि मागेल त्याला काम हे सरकारचे कर्तव्य ठरले. हे फार मोठे कार्य झाले. मात्र या योजनेची दप्तरे तपासताना माझे बोट आधी त्या पानांवर थांबे, जिथे प्रत्येक खड्ड्याची खोली शून्यात संपणारी असे. खोडाखोड नसलेली, मोत्यांसारख्या अक्षरांतली वही पाहिली की सहकारी कौतुक करीत. मी मात्र शिपायाला जीप काढायला सांगून जागेवर जाई. पुष्कळदा माझी शंका खरी ठरली, काही वेळा खोटीही ठरली.

आज राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास आणि दोन वर्षांत 240 तास असा दंडक आहे, आणि त्यावर प्रमाणपत्र मिळते. तासांचा हिशोब ठेवण्याला माझा विरोध नाही. मोजल्यावाचून दिलेल्या सेवेवर माझाही फारसा विश्वास नाही. पण न केलेल्या कामाचे तास हजेरीपटात भरलेले मी पाहिले आहेत. ते भरणारा विद्यार्थी आणि त्यावर सही करणारा अधिकारी यांनी, जिथून शिकायचे होते तो खुंटच मोजणीपूर्वी पाडून टाकला, असे मला वाटते.

शिबिर संपण्याच्या आदल्या दिवशी, आठवड्याच्या बाजाराला, पगारवाटप झाले. त्या बाईने अंगठा उठवला, नोटा दोनदा मोजल्या, आणि त्या खड्ड्याचे 3.33 घनमीटर मातीचे पैसे घेऊन ती सुनेबरोबर बाजाराच्या वाटेला लागली.