वेळासला जमलं, वडवळला जमेल?

इको-लॉज म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बांबूची खोली, दारात झोपाळा, 'नो प्लॅस्टिक'ची पाटी आणि भाडं ऐकल्यावर आपण पाटीचाच फोटो काढून परत यावं असा थाट. कॉलेजात स्टार्टअपची स्पर्धा असली की 'शेतावर रिसॉर्ट' ही आयडिया हमखास येते. पहिल्या पानावर खोल्यांचा नकाशा, दुसऱ्यावर खर्च आणि शेवटच्या पानावर निसर्ग, तोही 'वृक्षारोपण' या एका शब्दात. हा क्रम एका गावाने उलटा केला. गाव कोकणातलं आहे, पण चाकूर तालुक्यातल्या पोरांनी समजून घ्यावं असं त्यात बरंच काही आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. पूर्वी त्याची ओळख नाना फडणवीसांचं मूळ गाव एवढीच. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ मध्ये समुद्री गरुडांची पाहणी करत तिथे पोचले, तेव्हा वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. मागे राहिलेली अंडी कुत्री, कोल्हे उकरायचे आणि त्यांच्याही आधी माणसं. कायद्याने गुन्हा, पण पिढ्यानपिढ्या अंडी खाल्ली जात होती, विकली जात होती.

संस्थेने अंडी काढणाऱ्यांवर नुसती केस केली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी गावातल्याच लोकांना पहाटेच्या गस्तीवर घेतलं. मादीच्या पावलांचा माग काढायचा, अंडी अलगद उचलायची आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर पुरायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. पहिल्याच हंगामात ५० घरटी वाचली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्राकडे तुरुतुरु जाताना बघायला मुंबई-पुण्याची माणसं यायला लागली आणि तेव्हा कुठे प्रश्न पडला, की यांना झोपवायचं कुठे? गावात हॉटेल नव्हतं. मग लोकांनी आपल्याच घरात गाद्या घातल्या, घरात रांधलं जातं तेच वाढलं.

म्हणजे आधी कासव, मग पाहुणा, शेवटी खोली. खोलीसाठी वेगळी इमारतही नाही. वाळूतलं अंडं टोपलीतल्या अंड्यापेक्षा जास्त कमवून द्यायला लागलं, हा खरा बदल. आता किनाऱ्यावर कुत्री फिरली तर ते ज्याच्या घरी पाहुणे उतरतात त्यालाही खुपतं. हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा, म्हणून शेती-बागायत कुणी सोडली नाही. काहींना ही उणीव वाटते. मला तर यातच त्या गावाचं शहाणपण दिसतं.

आता चाकूरकडे या. आपल्याकडे बेट म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन नव्हे. सपाट रानात एकटीच उठलेली टेकडी म्हणजे बेट. देवर्जनजवळचं हत्तीबेट तसं, आणि आपल्या तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेटही तसंच. याला संजीवनी बेट म्हणतात. वनौषधींसाठी त्याचं नाव आहे आणि त्या ओढीनेच लोक लांबून येतात. ज्या जिल्ह्याचं वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे, तिथे अशी टेकडी असणं ही छोटी गोष्ट नाही.

समजा, उद्या तुम्ही तिथे पाहुण्यांची सोय करायचं ठरवलं. पहिला मोह होईल जडीबुटीच्या दुकानाचा. पाकिटं, तेलं, चूर्ण, वर क्यूआर कोड. इथेच थांबा. शतावरी घ्या, मुसळी घ्या, औषध मुळात असतं, आणि मूळ उपटलं की झाड गेलं. बेटावरची वनस्पती हेच आपल्याकडचं कासवाचं अंडं आहे. पाहुण्याला ती दाखवायची, ओळखायला शिकवायची, गावातल्या जाणत्या माणसाला त्या फेरीचे पैसे द्यायचे आणि वनस्पती जागेवरच ठेवायची.

दुसरा मोह झाडं लावण्याचा. माळावर हजार खड्डे, हजार रोपं आणि एक ड्रोनचा व्हिडिओ. पण माळ म्हणजे काही रिकामी जागा नाही. पवन्या, मारवेल, कुसळीचं गवत, त्यात घरटी करणारे चंडोल, चरायला येणारी काळविटं हाच तिथला निसर्ग. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला अशाच गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे, म्हणजे गवत बघायलाही लोक पैसे देतात! माळाला बहुतेक वेळा लागतं ते एवढंच, की दोन-तीन पावसाळे चराई थांबवायची, वणवा लागू द्यायचा नाही आणि गवत विळ्याने कापून न्यायचं. हे गावाच्या संमतीशिवाय होत नाही. शेळ्या राखणाऱ्या माणसाला आधी विचारा, बाकीच्यांना मग. आणि बेटावर एकही खोली नको. खोल्या गावात.

गावात कशा? तर माळवदात. जाड दगडी भिंती, लाकडी खांब, तुळया, वर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात आत शिरलं की पंख्याची आठवण येत नाही. आज अशा वाड्यांची काय गत आहे तुम्हाला माहीतच आहे. नक्षीचे खांब नि चौकटी उतरवून शहरातल्या जुन्या सामानाच्या दुकानात जातात आणि त्या जागी स्लॅब येतो. अंडी, मुळ्या आणि खांब, तिन्हींची एकच गोष्ट. उपटून विकलं की पैसा एकदाच येतो.

पण लोक माळवद पाडतात ते फक्त पैशासाठी नाही, भीतीनेही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. बहुतेक जण याच दगड-मातीखाली. तुमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण घरातल्या थोरल्यांना विचारा. अनेक जण त्यानंतर कित्येक महिने उघड्यावर झोपले. म्हणून 'वारसा जपा' हे आपल्या भागात नुसतं म्हणून चालत नाही. पाहुण्याला तुम्ही त्याच छताखाली झोपवणार आहात. भूकंपानंतर अभियंत्यांनी या घरांचे दोष शोधून काढले. जाड भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात, मध्ये भर. दोन्ही थरांना बांधणारे लांब दगड नसले की हादऱ्याने भिंत फुगते आणि फुटते. दर वर्षी पावसाळ्याआधी छतावर नवी माती टाकतात, जुनी काढत नाहीत, त्यामुळे वजन वाढत जातं. उपायही ठाऊक आहेत. भिंतीत आरपार जोड-दगड घालायचे, दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सलग पट्टा द्यायचा, छतावरची जादा माती उतरवायची आणि खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके आधार द्यायचे. लातूर-नांदेडला सिव्हिलला शिकणाऱ्यांनो, तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला याहून जिवंत विषय मिळेल का? एक वाडा निवडा, मापं घ्या आणि सरांकडून तपासून घ्या. तपासणी होईपर्यंत तिथे कुणालाही मुक्कामाला ठेवायचं नाही, ओळखीचा असला तरी.

पाण्याचं गणित तर आपल्याला पाठच हवं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्या जिल्ह्यात तुम्ही पाहुण्यासाठी शॉवर लावणार? हजार चौरस फुटांचं छत घ्या. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर सुमारे ६५ हजार लिटर पाणी पडतं. वाया जाणारं सोडून ५० हजार हाती लागलं, असं समजू. चार पाहुणे, माणशी रोज १०० लिटर, तर ते १२५ दिवस पुरतं. पाऊस निम्मा झाला की दिवसही निम्मे. म्हणजे किती खोल्या काढायच्या, हे बँक नाही, तुमची टाकी ठरवते. अंघोळीला बादली द्या आणि का देताय ते सांगा. ऐकणारा पाहुणा हवा असेल तर हीच त्याची परीक्षा. जलतरण तलावाचं नावही काढू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर पहिली मीटिंग घरातच!

पाहुणचार मात्र कुणी शिकवायला नको. येळवसीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आपली गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. कुणी म्हणेल, याचंच पॅकेज करू. माझं मत विचाराल तर त्या दिवशी तिकीट नको. त्या दिवशी आलेला माणूस पाहुणाच राहू द्या. थंडीतल्या बाकी दिवसांत शेतावर भज्जी-भाकरी खाऊ घाला आणि त्याचे रास्त पैसे घ्या.

आणि सुरुवात? वेळासला ती पाहणी करण्यापासून आणि घरटी मोजण्यापासून झाली होती. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत 'लोक जैवविविधता नोंदवही' असायला हवी. वडवळची बघायला मागा. त्यात बेटावरच्या किती वनस्पती आहेत, कुठे उगवतात, कधी फुलतात, हे तपासा. जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला एक रविवार बेटावर जा. वनस्पतिशास्त्राच्या सरांना सोबत घ्या आणि गावातल्या एखाद्या आजोबांना किंवा आजींनाही. पुस्तकातलं नाव सर सांगतील, पण झाड कुठल्या घळीत सापडतं ते आजींनाच माहीत. फोटो काढा, तारीख टाका, गावातलं नाव लिहा. पानं-फुलं तोडू नका. एका पावसाळ्यात साधारण दहा फेऱ्या होतील.